पदरावरची इस्त्री

रश्मी: इस्त्री नको आई. मी त्या वाफेच्या मशीनवर करते ना साडी. हँगरला अडकवली की दहा मिनिटांत घड्या निघतील.

विमला: वाफेचं मशीन केयूरच्या कोटासाठी आणलंय.

रश्मी: सकाळी त्यांचा कुर्ता पण त्याच्यावरच केलात तुम्ही.

विमला: केला. लिननचा कुर्ता, जरा चुरगळलेला राहिला तरी लोक म्हणतात, लिनन आहे. साडी चुरगळलेली दिसली तर काय म्हणतील, सांग बघू.

रश्मी: काय म्हणतील?

विमला: म्हणतील, सून सात महिन्यांची गरोदर, आज तिची ओटी भरायची, आणि सासूला साडीवर इस्त्री फिरवायला सवड झाली नाही. पाच वाजता अर्धं वेंगुर्ला येऊन बसेल बाहेर. मसुऱ्याहून माझी मावशी येणार. ती आधी पदर बोटांत धरून बघते, मग तोंडाकडे बघते.

रश्मी: पण रेशमाक वाफच बरी म्हणतत.

विमला: रेशमाला. म्हणतात. किती वेळा सांगितलं तुला, बाहेरच्या बायकांसमोर तरी नीट बोल. आणि कोण म्हणतं असं?

रश्मी: फोनवर बघितलं मी. जर असेल तर इस्त्री थेट टेकवू नका, नुसती वाफ द्या, असं सांगत होती ती बाई.

विमला: फोनवर बाळंतपणही दाखवतात. तेही फोनवर बघून उरकूया का?

रश्मी: ते माहेरी करायचं ठरलंय ना आई. आये आज न्यायलाच येतेय मला.

विमला: मी कुठे नाही म्हटलं? फक्त आमच्या घरची पद्धत काय ते तुला आणि तुझ्या आईला दोघींना सांगितलंय. माहेरून आलेली हिरवी साडी नेसायची, ओटी भरून घ्यायची, आणि त्याच साडीत, भरल्या ओटीनं, माहेरी जायचं. साडी धड नसेल तर मुलगी इथेच राहते. माझी धाकटी जाऊ राहिली. तिच्या माहेरून आलेली साडी आधी कोणीतरी नेसलेली निघाली. सासूबाईंनी निऱ्यांच्या घडीवरून ओळखली.

रश्मी: माझी कोरी आहे. अजून फॉलसुद्धा तसाच कडक आहे बघा.

विमला: कोरी आहे, दिसतंय. पण घडीची रेघ बघ केवढी पडलीय पदरावर. मधोमध. वाफेनं ती दबेल, पण जाणार नाही. वाफ सुरकुती सैल करते, बाई. मोडायची असेल तर वजन टाकावं लागतं. चाळीस वर्षं साड्या नेसतेय मी, त्यातली तीस शाळेत शिकवायला उभी राहून. माझ्या साडीला कधी कोणी रेघ बघितली का विचार गावात.

रश्मी: मग मशीननं आधी वाफ देते आणि वर ओलं फडकं टाकून हलकी इस्त्री फिरवते. चालेल?

विमला: मशीनमध्ये नळाचं पाणी गेलंय. क्षार साचलेत आत. परवा केयूरच्या पांढऱ्या शर्टावर पिवळे थेंब उडाले, तुझ्यासमोरच. हिरव्या साडीवर उडव हवे तर, मला काय.

रश्मी: मी नव्हते तेव्हा.

विमला: नव्हतीस का? असेल. ओटा पुसून घे, त्यावर चादर टाक दुहेरी. आणि पोट टेकवू नकोस कडेला.

रश्मी: आयेला विचारू का एकदा? तिने दुकानात विचारलं असेल.

विमला: काय विचारणार आईला? बाई, तू रेशमाची म्हणून दिलीस, तर खरंच रेशमाची ना, असं?

रश्मी: असं नाही हो.

विमला: ऐकणाऱ्याला तसंच ऐकू येईल. सातव्या महिन्यात आईला असा प्रश्न विचारतात का?

रश्मी: दोन मोसम आंब्याच्या पेट्या भरल्यात तिने ह्या साडीसाठी. बागायतदाराच्या मांगरात. मे महिन्यात त्या पत्र्याच्या शेडीत, मांगरात बसायचं म्हणजे काय असतं तुम्हाला माहीत नाही आई. माझ्या बहिणीनं, पूजानं सांगितलं मला, आयेनं स्वतः नव्हतं सांगितलं. हिरवा रंग कसला हवा ते तेवढं विचारलं होतं. पोपटी की गडद.

विमला: माहीत आहे ना. म्हणून तर म्हणते, अशा साडीची लाज राहू दे. काल तुझ्या आईचा फोनही येऊन गेला.

रश्मी: कधी?

विमला: तू सोनोग्राफीला गेली होतीस तेव्हा. तुझा मोबाईल इथेच चार्जिंगला राहिला होता. मी उचलला.

रश्मी: मला सांगितलं नाहीत.

विमला: आत्ता सांगतेय. किती वाजता यायचं ते विचारत होत्या.

रश्मी: एवढंच? साडीचं काही बोलली?

विमला: म्हणाल्या, नेसू दे हो माझ्या पोरीला. हौस आहे बिचारीला. तू आता वेळ घालवू नकोस. लाव पिन.

रश्मी: कुठे ठेवू बटण? सिल्कवर?

विमला: सिल्कवर ठेवलीस तर ही रेघ उद्या सकाळपर्यंत निघेल. कॉटनवर ने.

रश्मी: कॉटनवर? जळेल ती.

विमला: माझा लग्नाचा शालू मी कायम कॉटनवर इस्त्री करते. उघड कपाट, बघ, कुठे डाग आहे का. खऱ्या रेशमाला काही होत नाही. होतं ते दुसऱ्याला होतं.

रश्मी: दुसऱ्याला म्हणजे?

विमला: म्हणजे काही नाही. लग्नात तुझ्याकडून मानाच्या साड्या आल्या होत्या त्यांचं काय झालं ते तू विसरली असशील, मी विसरले नाही. पहिल्या धुण्यात माझ्या वन्संच्या साडीची जर काळी पडली. वन्सं अजून सांगत फिरतात. मी कधी तुला बोलले?

रश्मी: आत्ता बोललात.

विमला: तू विचारलंस म्हणून. तुझा विश्वास नसेल आईच्या खरेदीवर तर ठेव बाजूला साडी. मी मावशीला सांगते, सून माहेरच्या साडीला भिते.

रश्मी: मी भीत नाही. माझी आये खोटा देवची नाय कधी. द्या हो ती इस्त्री इकडे.

विमला: घे. आणि असं टोकानं नको खरवडू. पदर सपाट टाक, जरीवर पूर्ण टेकव, आणि दाब.

रश्मी: फडकं टाकते मधे.

विमला: फडक्यावर इस्त्री झाली तर फडकं सरळ होईल. टेकव.

रश्मी: वास येतोय आई.

विमला: नव्या साडीची खळ असते ती.

रश्मी: चिकटतेय.

विमला: उचल मग.

रश्मी: उचलत नाय. आई, पदर इस्त्रीबरोबरच येतोय वर. सोडवा ना. अहो आई.

विमला: ओढू नकोस, आणखी फाटेल. पिन काढली मी. थांब. हं, सुटली. बघ आता.

रश्मी: नाय.

विमला: बघ. मुद्दाम बघ. खिडकीशी धर म्हणजे नीट दिसेल. इस्त्रीच्या आकाराचं भोक आहे, आणि कडेनं सगळं गोळा झालंय, कडक, काळं. रेशीम जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, आणि राख होते. हा वास जळक्या प्लॅस्टिकच्या बादलीचा आहे. ही तुझ्या आईची रेशमी साडी.

रश्मी: दुकानदारान फसवलान तिका.

विमला: फसवलंही असेल. नाहीतर त्यांना माहीतही असेल. आपल्याला कसं कळणार?

रश्मी: तिला माहीत असतं तर तिने दिली नसती. आता काय करू मी? ती येईल एवढ्यात. निऱ्यांत घालून नेसू का? पदर खांद्यावर असा दुमडून, पिन लावून? नाही दिसायचं.

विमला: मावशी पदर बोटांत धरते, सांगितलं ना तुला. रडू नकोस. डोळे सुजले की फोटोत येतात. कपाटाचा खालचा कप्पा उघड. पांढऱ्या पंच्यात बांधलेली आहे ती काढ.

रश्मी: ही पैठणी आहे.

विमला: हिरवी आहे. येवल्याहून मागवलेली. नेस.

रश्मी: हिचा ब्लाउज?

विमला: आत आहे.

रश्मी: हा मला बसतोय. आताच्या मापाचा आहे हा. कधी शिवलात?

विमला: मागच्या आठवड्यात. तुझा एक झंपर मापाला दिला होता शिंप्याकडे.

रश्मी: पण साडी तर आज जळली आई.

विमला: घरात एक जास्तीची असावी म्हणून शिवला. एवढं काय? हात वर कर. थांब, निऱ्यांवर जरा वाफ फिरवते, बसतील छान.

रश्मी: मशीनमध्ये क्षार आहेत म्हणालात.

विमला: आज बाटलीतलं पाणी घातलंय. हलू नकोस. आता नीट ऐक, कारण तुझी आई येईल आणि मग बोलता येणार नाही. साडी जळली हे बाहेर सांगितलं तर मावशी विचारणार, रेशीम कसं जळलं असं? ती मागणार बघायला. बघितल्यावर तिला कळणार. तिला कळलं की गावाला कळणार. तुझ्या आईला बायकांच्या मधोमध बसवून ते ऐकवायचं आहे का तुला?

रश्मी: नाही.

विमला: मलाही नाही. म्हणून एकच मार्ग आहे. तू सांग, मला आवडली नाही, म्हणून नेसले नाही. मुलींच्या आवडीनिवडी असतात, कोणी काही म्हणत नाही त्यावर.

रश्मी: आयेला पण असंच सांगू?

विमला: तिला आधी. खरं सांगितलंस तर ती दुकानात भांडायला जाईल, चार लोकांत बोलेल, रडेल. ज्या साडीसाठी मांगरात बसली ती प्लॅस्टिकची होती हे तिला कळायला हवंय? तुझ्यावर रागावली तर दोन दिवसांत विसरेल. आई आहे. स्वतःची फजिती विसरणार नाही.

रश्मी: आणि जायचं?

विमला: कुठे?

रश्मी: मिठबावला. तिच्याबरोबर.

विमला: कोणत्या साडीत जाणार? पैठणी माझी आहे. घरची पद्धत मी तुझ्यासाठी मोडली, तर जावेला काय तोंड दाखवू? ते पण तूच सांग. म्हणजे मी अडवलं असं त्यांना वाटणार नाही. केयूरलाही नाही.

रश्मी: केयूर म्हणाले होते, जा म्हणून.

विमला: केयूर खुर्च्या उतरवतोय. बोलावू? जळलेली साडी दाखवू त्याला, आणि सांगू कुठून आली?

रश्मी: नको.

विमला: शहाणी आहेस. डोळे पूस.

(बाहेर रिक्षा थांबते. मागच्या दाराने रश्मीची आई सुभद्रा आत येते.)

सुभद्रा: रिक्षावाल्याक थांबूक सांगलंय गो. ओटी भरान झाली की लगेच निघाया, उशीर नको. विहीणबाई, ह्यो डबो सरळ धरा हां, रस आसा. तांदळाचे शिरवाळे केलंय तिच्यासाठी, रसाक नारळ घरचेच. बस गो तू, तू कित्याक उठतंस? पोट खाली इला तुझा. अगो, ही साडी खयची?

विमला: माझ्याकडची. पैठणी आहे. या, बसा. रश्मी, तूच सांग आईला.

सुभद्रा: माझी नाय नेसलंस ती?

रश्मी: नाय.

सुभद्रा: कित्याक गो? ब्लाउज घट झालो?

रश्मी: आवडली नाय माका.

सुभद्रा: रंग तर तूच सांगललंस. पोपटी नको, गडद व्हयो म्हणान.

रश्मी: रंग नाय गो. साडीच. हयसर मोठे लोक येतत. त्येंच्यात ती बरी दिसाची नाय.

विमला: मी म्हटलं तिला, नेस गं, आईला वाईट वाटेल. ऐकतात कुठे आजकालच्या मुली.

सुभद्रा: नाय, नाय. वायट कसला. तिचा बरोबर आसा. हीच शोभता तिका. बघूया गो पदर. नको, ऱ्हवांदे, माझे हात खरखरीत, धागो ओढात. लांबसूनच बघतंय. मस्त आसा. विहीणबाई, तुमी केलास तिका इतक्या, बरा वाटला.

विमला: माझीच मुलगी आहे ती.

सुभद्रा: मग निघताना तरी माझी नेस गो. तुमच्यात पद्धत आसा ना तशी? रिक्षेत कोण बघता. घरी गेल्यार सोड.

रश्मी: मी येवचंय नाय, आये.

सुभद्रा: आज नाय? मग फाल्या येव?

रश्मी: फाल्या नको. नंतर पण नको. बाळंतपण हयसरच करूया म्हणतंय मी. दवाखानो जवळ आसा.

सुभद्रा: पण खोलयेक रंग काढलंय मी. पूजान पाळण्याची दोरी बदलल्यान. तू म्हणी होतंस ना, आये, तुझ्याकडेच व्हया माका, रातीचा पाणी तुझ्याच हातचा.

रश्मी: तेव्हा म्हटलंय. थय पंखोसुद्धा धड नाय गो.

सुभद्रा: नवो हाडलंय पंखो.

रश्मी: तरी नको.

सुभद्रा: कोण काय बोलला तुका?

विमला: कोण काय बोलणार हो? तिला इथे सवय झालीय आता. उलट आम्हीच म्हणत होतो, जाऊन ये.

सुभद्रा: तसा नाय विहीणबाई, मी सहज इचारलंय. तिका बरा वाटता थय तिना ऱ्हवाचा. मी काय जबरदस्ती नेवची नाय. मग गो, रिक्षा सोडूया ना? मी येष्टीन जातंय. आणि ती साडी दी माका. हय पडान ऱ्हवण्यापेक्षा पूजाक होयत. तिका असल्यात काय कळना नाय, ती आवडीन नेसतली.

रश्मी: ती साडी?

सुभद्रा: होय, दी. पिशयेत घालतंय.

विमला: अहो, ती तर तिने सकाळीच आमच्या भांडीवाल्या बाईंना देऊन टाकली. हो ना गं?

सुभद्रा: दिल्यान?

विमला: रश्मी, आई विचारतायत.

रश्मी: होय. दिलंय.

सुभद्रा: कोरी?

रश्मी: कोरी.

विमला: चला, मावशींची गाडी आली वाटतं. चेहरा नीट कर रश्मी. तुम्ही पण तोंड धुऊन घ्या विहीणबाई, प्रवासातून आलात. आणि पुढच्या रांगेत बसू नका, तिथे मावशी बसतात.

सुभद्रा: मी मागेच बसतंय. रश्मी, जरा हय ये. एक सांगायचा ऱ्हवला. त्या भांडीवाल्या बाईक सांग, साडयेक इस्त्री नको लावू म्हणान.

रश्मी: काय?

सुभद्रा: काल पूजा त्याच दुकानात गेल्ली, खण घेवक. तेव्हा दुकानदारान सांगल्यान, त्या साडयेत नायलॉन आसा. इस्त्री लावल्यार जळता, नुसती वाफ चलता. माका घेताना बोललो नाय तो मेलो. माका इतकी लाज वाटली गो. तरी लगेच तुका फोन केलंय. तू नव्हतंस, विहीणबाईंनी उचलल्यानी. सगळा सांगलंय त्येंका. म्हटलंय, रेशीम नाय ती, माझी चूक झाली, पण पोरीक सांगा, वाफेरच कर.

रश्मी: आई.

विमला: निऱ्या धर, सुटतायत.

रश्मी: मघाशी तुम्ही म्हणालात, कालचा फोन वेळ विचारायला होता.

विमला: वेळही विचारली होती. कामाच्या गडबडीत एखादं राहतं सांगायचं. या मावशी, या, इकडून या. सून तयारच आहे.

सुभद्रा: ऱ्हवांदे गो, त्येंच्या मागे किती कामा. रडतंस कित्याक? आज रडू नये. माका काय वायट वाटाक नाय. फक्त ती बाई इली की आठवणीन सांग तिका. गरिबाची साडी, फुकट जळात.